होडी हुकाला लावण्याआधी

पालघर आणि बोईसर-तारापूर किनाऱ्यावरच्या होडीमालकांना, चालकांना व ग्रामस्थांना तातडीचं आवाहन



१ जूनपासून यांत्रिक नौकांना पावसाळी मासेमारी बंदी लागू होते. त्यामुळे मे महिन्याचे शेवटचे दिवस आपल्या किनाऱ्यावर नुसती धांदल असते. जाळी घरी आणायची, इंजिन उतरवायचं, होडी भरतीच्या रेषेच्या वर ओढून घ्यायची, झापांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारायची. लहान होड्या रस्त्यावर येतात त्याही याच दिवसांत. कुणाची दुरुस्तीला निघते, कुणी विकलेली असते, कुणी दुसऱ्या बंदरातून फायबरची होडी विकत आणतो. मुंबई-पुण्याची, नाशिकची हौशी मंडळी शिडाची होडी गाडीमागे ट्रेलरला बांधून पाऊस लागायच्या आत घरी न्यायला निघतात. दर वर्षी हा प्रवास घाईत, अर्धवट बांधणीवर आणि बऱ्याचदा अंधारात होतो.

ही घाई जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र. मागणं एकच आहे. होडी समुद्रात उतरवताना जेवढी तयारी करता, तेवढीच तिला रस्त्यावर उतरवताना करा. तयारी पुरी झाली नसेल, तर होडी जागची हलवू नका. एक दिवस उशीर झाला म्हणून होडीचं काही बिघडत नाही.

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, उच्छेळी, घिवली, चिंचणी, वरोर या गावांतल्या मांगेला, वैती आणि कोळी घरांना समुद्राबद्दल कुणी शिकवायला नको. वारा फिरला की काय करायचं, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असतं. पण होडी शिडावर चालत होती तेव्हा ती जायची ती पाण्यानेच. मुंबई गाठायची तरी पाण्यानेच. ट्रेलरला होडी बांधून शे-दोनशे किलोमीटर नेण्याचं काम आपल्याकडे अलीकडचं. त्याचे धडे आजोबांकडून मिळालेले नाहीत, ते ज्याने त्याने शिकून घ्यावे लागणार आहेत. त्यातले महत्त्वाचे इथे सांगतो.

डोलकाठी आधी खाली

सगळ्यात मोठा धोका डोक्यावर असतो. शर्यतीची लेझर होडी जेमतेम ४.२ मीटर लांब, पण तिची डोलकाठी सहा मीटरच्या आसपास भरते. होडी ट्रेलरवर चढली की काठीचं टोक आणखी वर जातं. विजेच्या नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणाऱ्या साध्या दाबाच्या तारा जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ हजार व्होल्टच्या तारा किमान ६.१ मीटर उंच असायला हव्यात. म्हणजे तारा अगदी नियमात असल्या तरी उभी डोलकाठी त्यांना भिडू शकते. त्यातून वाडीतल्या अरुंद रस्त्यावर, उन्हाने सैल पडून झोळ आलेल्या तारा किती खाली येतात, हे आपण रोज पाहतो.

ॲल्युमिनियमच्या काठीतून वीज सरळ खाली येते. कार्बनच्या काठीतूनही येते. लाकडी काठी ओली असली, दोर खाऱ्या पाण्याने भिजलेले असले, तर त्यांचाही भरवसा नाही. अशा वेळी होडीला हात लावून उभा असलेला माणूस वाचणं कठीण. परदेशात जिथे होड्या ट्रेलरवरून नेणं रोजचं आहे, तिथे होड्या उतरवण्याच्या जागेजवळ ‘वर पाहा’ असा इशारा देणाऱ्या पाट्या लावलेल्या असतात. आपल्या किनाऱ्यावर पाटी नसेल, तर आपण आपले डोळे वर ठेवायचे.

रेल्वेचं तर विचारूच नका. पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू या सगळ्या पट्ट्यात रुळांवरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. त्या तारेला स्पर्शच व्हायला हवा असं नाही. जवळ गेलं तरी वीज झेप घेते. म्हणूनच दोन मीटरच्या आत जाऊ नका, असं रेल्वे सांगते. फाटकाच्या अलीकडे जी आडवी कमान असते, तिची उंची ४.६७ मीटर ठेवलेली असते, तीही याच कारणासाठी. कमानीखालून होडी जाईल की नाही अशी शंका जरी आली, तरी गाडी थांबवा आणि मोजा. अंदाजावर जाऊ नका.

तेव्हा नियम साधा आहे. होडी पाण्याबाहेर आली, की मोकळ्या जागी, वर तार नाही हे बघून डोलकाठी उतरवायची. शीड वेगळं गुंडाळायचं, सुकाणू काढून गाडीत ठेवायचं. काठी होडीच्या लांबीत आडवी, निदान तीन ठिकाणी बांधायची. पोहोचल्यावर काठी उभी करतानाही आधी वर बघायचं. घरापासून पुळणीपर्यंत दोनशे पावलंच आहेत, म्हणून काठी उभी ठेवून ढकलत नेणं सोडून द्या. वीज अंतर मोजत नाही.

दांडा, हुक आणि साखळी

ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर किती वजन टाकतो, यावर त्याची सगळी चाल अवलंबून असते. होडी आणि ट्रेलर यांच्या एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के वजन हुकावर यायला हवं. दोन्ही मिळून ६०० किलो भरत असतील, तर ४२ ते ६० किलो. हे मोजायला घरातला वजनकाटा पुरतो, नाहीतर भंगारवाल्याकडचा काटा आहेच. वजन कमी असेल तर ट्रेलर मागून डोलायला लागतो. जड ट्रक शेजारून गेला की त्याच्या वाऱ्याने ते डोलणं वाढतं आणि बघता बघता ट्रेलर गाडीलाच फरफटवतो. वजन फार जास्त असेल, तर गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. यावर उपाय सोपा. होडी ट्रेलरवर थोडी पुढे किंवा मागे सरकवायची. इंजिन, नांगर, पाण्याचं पिंप, जाळी असलं जड सामान पिछाडीला टाकायचं नाही.

डोलणं सुरू झालंच, तर कचकन ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून ते सावरायलाही जाऊ नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडी आपोआप मंदावू द्या. मग बाजूला सुरक्षित जागा बघून थांबा आणि सामान नीट लावा. तसेच पुढे निघू नका.

हुकात पिन घातली की काम संपलं, असं समजू नका. पिनेला क्लिप हवी. तिच्या जागी खिळा वाकवून किंवा तारेचा तुकडा पिळून भागवू नका. हुकाशिवाय दोन सुरक्षा साखळ्या हव्यात, दांड्याखालून एकमेकींना ओलांडून गाडीला अडकवलेल्या. हुक निसटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता त्या साखळ्यांच्या झोळीत राहतो. सुटलेला ट्रेलर उतारावर काय करू शकतो, हे वाघोबा खिंडीतून पालघरला उतरणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

चाकं तपासा, हाताने

किनाऱ्यावरच्या ट्रेलरचा खरा शत्रू खारं पाणी. लांबचा प्रवास करून आलेल्या ट्रेलरची चाकं आतून तापलेली असतात. तो तसाच मागे घेत पाण्यात घातला, की आतली गरम हवा आकसते आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. ग्रीस धुपतं, गंज चढतो आणि पुढच्या प्रवासात भर महामार्गावर बेअरिंग जाम होतं. कधी चाकच निखळतं. म्हणून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. चाकं गार होईपर्यंत, निदान अर्धा तास, थांबा. पाण्यातून बाहेर काढला की चाकं, दांडा, स्प्रिंगपट्ट्या गोड्या पाण्याने धुवा. दिव्याची वायर पाण्यात घालण्याआधी काढून ठेवा. हंगामातून एकदा तरी बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरा. बोईसरमध्ये गॅरेजला तोटा नाही आणि हे काम अर्ध्या दिवसाचं आहे.

निघाल्यावर पहिल्या २०-२५ किलोमीटरवर थांबा आणि प्रत्येक चाकाच्या मधल्या टोपीजवळ हाताची पाठ न्या. कोमट लागलं तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला, तर ते बेअरिंग चाललं आहे. तिथून पुढे जायचं नाही, मेकॅनिक बोलवायचा. ही तपासणी फुकट आहे आणि मिनिटभराची आहे, तरी लोक नेमकी हीच टाळतात.

टायरचंही तसंच. ट्रेलर वर्षातले दहा महिने उन्हात, खाऱ्या हवेत उभा असतो. नक्षी नवी दिसते, पण टायरच्या बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, ते वाचा. २२१९ असेल तर तो २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. सहा वर्षं उलटलेला टायर लांबच्या प्रवासाला वापरू नका, नक्षी कितीही चांगली असो. जादा चाक ट्रेलरच्याच मापाचं हवं. गाडीचं चाक ट्रेलरला बसेलच असं नाही.

बांधणी

चिल्हार फाट्यावर एकदा दिवेलागणीच्या वेळी एक होडी बघितली. फायबरची, लहानशी. ट्रेलर आखूड, म्हणून होडीची पिछाडी मागे चांगली हातभर बाहेर आलेली. पिछाडीला लाल फडका बांधलेला, पण त्या उजेडात तो काळाच दिसत होता. अख्खी होडी एका नायलॉनच्या दोरावर होती. दोर नाळेपासून निघून मधल्या फळीला वेढा घालून मागे आलेला, आणि फायबरच्या कडेवर घासून त्याचे धागे सुटलेले. ट्रेलरला दिवा नव्हता. आत जाळ्याच्या ढिगावर दोन मुलं बसलेली. सिग्नल नाही, पोलीस नाही. ट्रेलर महामार्गावर वळला आणि डहाणूच्या दिशेने निघून गेला. पाठीमागून केमिकलचा टँकर त्याच वळणावर आला, तेव्हा पोटात गोळा आला.

त्या होडीचं काय चुकलं होतं, ते एकेक करून सांगतो.

नायलॉनचा दोर ओढ बसली की ताणतो आणि सैल पडतो. होडीला रॅचेटचे पट्टे हवेत. पिछाडीला दोन्ही बाजूंनी एकेक, मधे आडवा एक, आणि नाळेला पुढे व खाली खेचणारा एक. नाळेची विंच किंवा कप्पी होडी ट्रेलरवर चढवण्यासाठी असते, प्रवासात धरून ठेवण्यासाठी नाही. नाळेला वेगळी साखळी हवीच. पट्टा कडेवरून जातो तिथे जुन्या टायरट्यूबचा किंवा गालिच्याचा तुकडा घाला, म्हणजे तो घासणार नाही. पट्ट्याला एक पीळ दिला तर वाऱ्याने तो फडफडत नाही.

माल वाहनाच्या बाहेर काढून नेणं हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) प्रमाणे माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर २० हजार रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. लाल फडका लावला म्हणून सूट मिळत नाही. होडी ट्रेलरपेक्षा लांब असेल तर लांब ट्रेलर आणा. वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत हवी. त्याहून रुंद होडी साध्या ट्रेलरवर रस्त्याने नेण्याची नाहीच.

ट्रेलरला मागचे दिवे, ब्रेकलाइट, दोन्ही इंडिकेटर आणि लाल परावर्तक पट्ट्या हव्यात, आणि गाडी निघण्याआधी कुणीतरी मागे उभं राहून ते लागतात की नाही हे बघायला हवं. ट्रेलरची स्वतःची नोंदणी आणि विमा हवा. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्याची होडी ओढायला वापरला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग नुकसानभरपाई ट्रॅक्टरमालकाच्या घरादारावर येते.

आणि होडीत माणूस बसवायचा नाही. जाळं धरायला नाही, काठी धरायला नाही, मुलांची हौस म्हणून तर नाहीच नाही. पट्टे नीट असतील तर धरायला माणूस लागत नाही. पट्टे नीट नसतील तर माणूस ती होडी अडवू शकत नाही.

पहिल्या पावसाचं गणित

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी साचतं. उघड्या होडीचा वरचा भाग सहा चौरस मीटर धरा. एका जोरदार सरीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर होडीत ३०० लिटर पाणी, म्हणजे ३०० किलो. आपल्याकडे जूनमध्ये असा पाऊस नवलाचा नाही. ट्रेलर ६०० किलोचा समजून निघालेला चालक बघता बघता ९०० किलो ओढू लागतो, आणि ते पाणी प्रत्येक वळणावर एका अंगाला धावतं. ब्रेक लागत नाहीत, टायर फुटतात, हुकावरचं गणित कोलमडतं.

म्हणून होडीच्या तळाचं बूच प्रवासात काढून ठेवा, आणि पुन्हा पाण्यात उतरवताना ते बसवायला विसरू नका. वर ताडपत्री घट्ट बांधा. सैल ताडपत्री वाऱ्याने सुटून मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर गेली, तर ते पाप आपल्यालाच लागतं. पेट्रोलची टाकी इंजिनला जोडलेली ठेवू नका, रिकामी करून झाकण घट्ट लावा.

रस्ता ओळखा

किनाऱ्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जायला आपल्याला मुख्यतः तीन वाटा आहेत. पालघरहून वाघोबा खिंडीतून मासवणमार्गे मनोर, बोईसरहून वारांगडे-नागझरीमार्गे चिल्हार फाटा, आणि डहाणूहून चारोटी. बोईसरच्या वाटेवर तारापूर औद्योगिक वसाहतीची सगळी अवजड वाहतूक असते, त्यात रसायनांचे टँकर. पाळी सुटायच्या वेळी त्यातच कामगारांच्या बस, रिक्षा आणि मोटारसायकली. त्या वेळात ट्रेलर घेऊन नाक्यावर जाऊ नका. सकाळी उजाडल्यावर निघा आणि महामार्ग गाठा.

महामार्गावर खानिवडे आणि चारोटीला टोलनाके आहेत. त्यांच्या पुढे-मागे वेग अचानक बदलतो. पुलांवर रस्ता अरुंद होतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. सीट बेल्ट किती महत्त्वाचा, याची चर्चा तेव्हा देशभर झाली. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत मागे बसलेल्यांनीही पट्टा लावायचा, कारण मागून ट्रेलरचा धक्का बसतो तो त्यांनाच आधी. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्या कामाची वाहतूक पुढची वर्षं वाढतच जाणार आहे. आजच्या सवयी उद्याच्या रस्त्याला पुरणार नाहीत.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १७ मीटरच्या आसपास जाते. मागे ट्रेलर असला की थांबायला जास्त अंतर लागतं, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. वळताना ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आत कापतात, म्हणून वळण मोठं घ्या आणि आतल्या बाजूला मोटारसायकल नाही ना, हे आरशात बघा. कुणी नाशिककडे जाताना विक्रमगड-जव्हार-मोखाड्याची वाट धरणार असेल, तर घाटात उतरताना खालचा गिअर लावा. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना आणखी एक सांगणं. शिडाच्या होड्यांचे चालक शर्यतींसाठी हैदराबादच्या हुसेन सागरापर्यंत होड्या रस्त्याने नेतात. मुलांची ऑप्टिमिस्ट होडी अवघ्या ३५ किलोची, २.३ मीटर लांबीची, त्यामुळे एकाच ट्रेलरवर चार-सहा होड्या एकावर एक रचल्या जातात. होडी हलकी आहे म्हणून बांधणीत हयगय करू नका. हलकी वस्तू वाऱ्याने आधी उडते. दर दोन तासांनी थांबून प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघा.

कागद आणि पहारा

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहशतवादी ‘कुबेर’ नावाची मासेमारी नौका बळकावून मुंबईकडे आले होते. तेव्हापासून होडी कुणाची, कुठली, कुठे चालली, हा प्रश्न या किनाऱ्यावर गंभीरपणे विचारला जातो. त्यातून आपल्या शेजारी तारापूर अणुऊर्जा केंद्र आहे. होडीची नोंदणी, मालकीचा कागद, विकली असेल तर विक्रीची पावती आणि चालकाची ओळख, एवढं सोबत ठेवा. पोलिसांनी अडवलं तर तक्रार न करता दाखवा. केंद्राच्या परिसरात, टाऊनशिपच्या रस्त्याला, ट्रेलर उभा करून ठेवू नका. बेवारस होडी किंवा संशयास्पद हालचाल दिसली, तर सागरी पोलिसांच्या १०९३ या क्रमांकावर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवा.

ज्यांच्याकडे होडी नाही त्यांना

ट्रक आणि टँकर चालवणाऱ्या भावांनो, पुढे होडी ओढणारी गाडी दिसली तर चिकटून येऊ नका. ओलांडायचं असेल तर लांबून हॉर्न द्या, पूर्ण लेन बदला, आणि ती गाडी ट्रेलरसकट तुमच्या मागे गेली आहे याची खात्री झाल्यावरच आपल्या लेनमध्ये परत या. तुमच्या गाडीच्या वाऱ्याने तो ट्रेलर हलतो.

ग्रामपंचायतींना आणि मच्छीमार संस्थांना विनंती आहे. बंदीच्या आधी एखाद्या सुट्टीच्या सकाळी आपल्या बंदरावर ट्रेलर तपासणी ठेवा. एक मेकॅनिक, एक वायरमन आणि गावातले दोन जाणते, एवढे पुरेत. दिवे, साखळी, टायर आणि पट्टे बघून घ्या. रॅचेट पट्ट्यांचे दोन-तीन संच संस्थेने विकत घेऊन सभासदांना वापरायला द्यावेत. लहान होडीवाल्याला एका प्रवासासाठी ते परवडत नाहीत, म्हणून तो दोरावर भागवतो. बंदरावर जाणाऱ्या रस्त्यावर तारा खाली आल्या असतील, तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर आजच तक्रार करा, आणि त्या जागी लाल पाटी लावा. परिवहन कार्यालय आणि वाहतूक पोलिसांनाही नम्र विनंती आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात मनोर, चिल्हार आणि चारोटीच्या फाट्यांवर होडीच्या ट्रेलरची तपासणी करा. आधी समज द्या, पण दिवा नसलेला ट्रेलर अंधारात पुढे सोडू नका.

किनाऱ्यावरच्या माता-भगिनींना वेगळं सांगणं आहे. तुमच्या घरातला माणूस होडी घेऊन निघाला असेल, तर त्याला एवढंच विचारा: डोलकाठी उतरवली का, दिवे लागतात का, होडीत कुणी बसलंय का. घरातून विचारलेला प्रश्न तो टाळणार नाही.

अपघात झालाच तर

होडीची काठी तारेला लागली असेल, तर गाडीतल्यांनी आतच बसून राहावं आणि बाहेरच्यांनी होडीला, गाडीला किंवा पडलेल्या माणसाला हात लावू नये. आधी वीज बंद झाल्याचं महावितरणकडून कळू द्या. गाडीने पेट घेतला तरच, धातूला आणि जमिनीला एकदम स्पर्श होणार नाही अशा बेताने, दोन्ही पाय जुळवून उडी मारा आणि तसेच छोटी छोटी पावलं टाकत दूर व्हा.

रस्त्यावरच्या अपघाताला ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि महामार्गावर मदतीला १०३३. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२५ च्या योजनेप्रमाणे रस्ते अपघातातल्या जखमींना पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचार मिळतात. पैशाची किंवा पोलिसांची भीती बाळगून कुणाला रस्त्यावर पडून राहू देऊ नका.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास याच होड्या याच रस्त्याने परत समुद्राकडे येतील. तेव्हाही हेच नियम.

तेव्हा मित्रांनो, निघण्याआधी एवढं बघा. डोलकाठी खाली आणि बांधलेली. हुकावर वजन योग्य, पिनेला क्लिप, दोन साखळ्या. पट्टे चार आणि घट्ट. दिवे चालू. चाकं गार, टायर सहा वर्षांच्या आतले. बूच काढलेलं, ताडपत्री बांधलेली, होडीत माणूस नाही. कागद खिशात. प्रवास दिवसाउजेडी. यातलं एक जरी राहिलं असेल, तर होडी हुकाला लावू नका. हे पत्र वाचून झालं की बंदरावर, नाक्यावर, संस्थेच्या फळ्यावर लावा आणि ज्याच्या दारात ट्रेलर उभा आहे, त्याला आजच वाचून दाखवा. १ जूनला फार दिवस उरलेले नाहीत.